बिनवासाची गाडी

"वास नसलेलं काहीतरी दाखवा," असं पेंटरने म्हटलं, तेव्हा गाड्यांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानदाराने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी ओलं न करणारं पाणी मागितलंय. मग त्याने मागची फळी दाखवली. लिंबू, लव्हेंडर, व्हॅनिला, समुद्र, आणि सगळ्यात महागड्या बाटलीवर नुसतंच 'नवी गाडी'. लोक वासासाठीच तर घेतात, असं दुकानदाराचं म्हणणं. गाडी धुतली आणि वासच आला नाही, तर धुतली हे कळणार कसं?

पेंटरने दोन बाटल्या उचलल्या, टोपणं उघडली, नाकाशी नेल्या आणि विचार केल्यासारखा चेहरा केला. हा चेहरा त्याला छान जमायचा. प्रत्यक्षात त्याला यातला एकही वास येत नव्हता. लिंबूही नाही आणि समुद्रही नाही.

गाड्या रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. रंगाच्या खोलीत तोंडावरचा मास्क गळ्यात लोंबकळत ठेवायचा, हा तिथला रिवाज. मास्क लावणाऱ्याला बाकीचे हसत. एका हिवाळ्यात त्याला सर्दी झाली, सर्दी गेली आणि जाताना नाक घेऊन गेली. थिनर किती पडलं, रंगाचा हात सुकला की नाही, हे मालक नाकाने ठरवायचा आणि पेंटरनेही तसंच ठरवावं अशी त्याची अपेक्षा. वास येत नाही असं कळलं असतं, तर त्याने पेंटरला पत्रे घासायला बसवलं असतं. म्हणून पेंटर गप्प बसला. घरी सांगितलं तर बोलता बोलता बाहेर जाईल, म्हणून घरीही गप्प बसला. पुढे नोकरीची भीती गेली, पेंटर निवृत्त झाला, गप्प बसायची सवय तेवढी राहिली. बायको पातेल्यावरचं झाकण काढून विचारायची, वास कसा सुटलाय? तो म्हणायचा, "छान." इतक्या वर्षांत एकदाही त्याचं उत्तर चुकलं नव्हतं, आणि त्याचा त्याला जरा अभिमानही होता.

आता तो अभिमान त्याच्या मुळावर आला होता.

बायकोला कर्करोग झाला होता. औषधाच्या पहिल्या खेपेनंतर घरी परतताना तिला गाडीत उलटी झाली, शेजारच्या सीटवर, अंगावर, सगळीकडे. ती इतकी शरमली की घरी पोचेपर्यंत माफी मागत होती. त्याने गाडी पुसली आणि वर भरपूर सुगंधी फवारा मारला. त्याला वाटलं, झालं काम. पण त्या औषधाने तिचं नाक भलतंच तिखट करून ठेवलं होतं. गाडीचं दार उघडलं की आंबलेली उलटी, तिच्यावर फुलं, आणि खाली वर्षानुवर्षं नेलेल्या थिनरच्या डब्यांचा वास, असं सगळं एकदम तिच्या नाकात शिरायचं. दुसऱ्या खेपेला टॅक्सी केली. टॅक्सीत आरशाला सुगंधी कागदी पान लटकत होतं. निम्म्या वाटेत तिने टॅक्सी थांबवली, रस्त्याच्या कडेला वाकली आणि म्हणाली, मला घरी न्या. ती खेप बुडाली.

डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नव्हता. आणखी एक खेप चुकली तर आजवर घेतलेलं औषध वाया गेल्यात जमा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. पुढची खेप उद्या सकाळी होती. आणि बायकोने कालच सांगून टाकलं होतं की त्या गाडीत ती पाय ठेवणार नाही, टॅक्सीत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीतही नाही. मुलगी फोनवरून म्हणत होती, बाबा, तिची समजूत काढा. समजूत काढायला पेंटरजवळ शब्द कधीच नव्हते. त्याला गाडी साफ करता यायची. म्हणून तो गाडी साफ करत होता.

त्याने आठवडाभर काय काय केलं नव्हतं! पायपुसण्या काढून उन्हात टाकल्या. सीटवर फेस येणारं औषध चोळलं. कुणी व्हिनेगर सांगितलं, ते शिंपडलं. कुणी खायचा सोडा सांगितला, तो पसरून दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमने ओढला. कोळशाच्या पिशव्या सीटखाली ठेवल्या. आणि दर वेळी वाकून, डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला आणि काहीच कळलं नाही. आंधळ्याने घर झाडावं तशी त्याची गत झाली होती.

शेवटी त्याने दुसऱ्याचं नाक उसनं घ्यायचं ठरवलं. तळमजल्यावरच्या बँकवाल्या काकू बाजारातून येत होत्या. सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, काकू, जरा बघता का, गाडीत काही येतंय? काकूंनी डोकं आत घातलं आणि तोंड भरून म्हणाल्या, "अय्या, काय छान वास येतोय!"

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. छान वास येऊन कसं चालेल? त्याला काहीही यायला नको होतं. पण हे काकूंना कसं समजावणार? त्याने त्यांचे आभार मानले आणि पुन्हा बादली भरली.

आज त्याने त्या दुकानदाराला भंडावून सोडून एक पांढरी बाटली मिळवली. तिच्यावर चित्र नव्हतं, सुगंधाचं नाव नव्हतं. लहान मुलांच्या सीटसाठी आहे, असं दुकानदार म्हणाला. त्या बाटलीने पेंटरने सीट पुसल्या, छत पुसलं, दारांच्या आतल्या बाजू, गिअरची खाच, सीटच्या शिवणी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासल्या. संध्याकाळी काकूंना पुन्हा बोलावलं. काकूंनी हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि जराशा हिरमुसल्या. काही येत नाही हो, म्हणाल्या. अगदीच पुसट काहीतरी, पण लक्षात येण्यासारखं नाही.

पेंटरला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. काकू गेल्यावर तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. आत सगळं निस्तेज दिसत होतं. डॅशबोर्ड मातकट, दारांचं प्लॅस्टिक राखेसारखं. आयुष्यभर त्याने एकही गाडी अशी मेल्या चेहऱ्याने बाहेर सोडली नव्हती. शेवटचा हात चकाकीचा, त्याशिवाय गाडी द्यायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने डिकीतून पॉलिशचा जुना डबा काढला, मऊ फडकं घेतलं आणि डॅशबोर्ड असा चमकवला की त्यात तोंड दिसावं. मग फडकं दाराच्या कप्प्यात खोचून, काचा घट्ट लावून, समाधानाने वर जाऊन हात धुतले.

सकाळी त्याने बायकोला हात धरून खाली आणलं. ती नुसतं बघायला येते म्हणाली होती. बसणार नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं. डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल, अंगात काही उरलेलं नाही. पेंटरने नवी गाडी दाखवणाऱ्यासारखं दार उघडलं.

तिने एक श्वास घेतला आणि वळून जिन्याच्या पायरीशी कोसळल्यासारखी बसली. पोटात काही नव्हतं, तरी तिला ओकाऱ्या येत राहिल्या. पेंटर पाण्याची बाटली घेऊन नुसता उभा. थोड्या वेळाने ती म्हणाली की बास झालं, तिला हे सगळंच नको आहे, औषधही नको, वर न्या.

"अगं, पण आता वास नाहीये," तो म्हणाला. "शप्पथ. अजिबात नाहीये. काकूंनीसुद्धा सांगितलं."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग उठून उघड्या दाराच्या कप्प्यातलं पॉलिशचं फडकं ओढलं आणि त्याच्या नाकाशी धरलं.

"हे येत नाही तुम्हाला?"

त्याला सराईत चेहरा करायचा होता, पण तो जमेना.

"अहो, डोकं उठतंय याने. तुम्हाला काहीच येत नाही?"

"नाही," पेंटर म्हणाला. "कधीचंच येत नाही. रंगाच्या खोलीत गेलं ते."

बायको ते फडकं हातात धरून बसली. मग तिने विचारलं, मग ते दूध? पेंटरला कळायला वेळ लागला. मुलगी लहान असताना ती त्याला दुधावर लक्ष ठेवायला सांगून शेजारी गेली होती आणि तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. पातेलं जळून काळं झालं, तरी याला पत्ता नाही. तेव्हापासून घरातलं प्रत्येक भांडण त्या दुधाशी येऊन थांबायचं. तुम्हाला घराची पर्वाच नाही, हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की ते खरं असावं असं त्यालाही वाटू लागलं होतं.

"नाही आला वास," तो म्हणाला.

"आणि मी ते सेंट लावायचे? मुलीने पाठवलेलं?"

"कुठलं सेंट?"

ती हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती बाटली तिने महिनाभर रोज लावली होती आणि मग कपाटाच्या तळाशी टाकून दिली होती. "माझा जन्म गेला तुम्हाला बेफिकीर म्हणण्यात," ती म्हणाली. "सांगायला काय धाड भरली होती?" तिला राग आला होता, खरा राग, आणि त्या रागाने तिच्या गालांवर बऱ्याच दिवसांत न दिसलेला रंग आला.

मग तिने घड्याळाकडे पाहिलं. शाल आवळून घेतली आणि वर्गातल्या मुलांना सांगावं तसं सांगितलं, "माझा आंघोळीचा साबण आणा. आणि कोमट पाणी."

तो साबण दवाखान्यातल्या परिचारिकेने सुचवला होता. सध्या तिला सहन होणारी ती एकच वस्तू. पेंटरने गावभर दुकानं पालथी घातली होती आणि बिनवासाचा साबण त्याच्याच न्हाणीघरात, त्याच्याच नाकासमोर रोज ठेवलेला होता. तो धावत वर गेला.

ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसली. तो साबणाच्या पाण्याने डॅशबोर्ड पुसत राहिला, पॉलिश उतरवत राहिला. दर थोड्या वेळाने ती उठून दाराशी यायची, श्वास घ्यायची, मागे व्हायची. अजून आहे. उजवीकडे. आता कमी झालं. पेंटरने दवाखान्यात फोन केला. दुपार व्हायच्या आत पोचलात तरच, असं पलीकडून सांगितलं गेलं. त्याने बादलीतलं पाणी बदललं.

पॉलिशचा वास गेला तसा त्याच्याखालचा वर आला. तिचं तोंड वाकडं झालं. "तोच," ती म्हणाली. "त्या दिवसाचा. सीटमधून नाही येत. वरून येतोय." ती दाराच्या खांबाशी वाकली. "इथून. पट्ट्यातून."

पेंटरने कपाळावर हात मारून घेतला. सीटचा पट्टा! रंगकामात पट्टा म्हणजे कागदाने झाकायची वस्तू. झाकायची आणि विसरायची, पुसायची कधीच नाही. त्याने तो ओढला, ओढत गेला, शेवटपर्यंत बाहेर काढला. खांबाच्या आत गुंडाळून बसणाऱ्या भागावर पिवळा, कडक झालेला डाग होता. आठवडाभर त्याने सगळी गाडी धुतली होती, आणि तिच्या छातीवरून जाणारी तेवढी पट्टी राहिली होती.

त्याने पट्टा बादलीत बुडवला, साबण लावला, बोटांनी चोळला, पिळला, पुन्हा बुडवला. डाग फिका झाला, पण गेला नाही. ऊन वर चढत होतं. तो पुन्हा साबण लावायला लागला, पुन्हा, पुन्हा, आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे. उशीर होईल."

ती गाडीत बसली. ओला पट्टा तिने स्वतःच ओढून छातीवरून लावला. शालीवर पाण्याची तिरकी रेघ उमटली. पेंटरने सगळ्या काचा खाली केल्या आणि गाडी रस्त्याला काढली. पहिल्या वळणापर्यंत त्याला विचारायचा धीर झाला नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं.

"येतोय का वास?"

"नाही," ती म्हणाली. "छान आहे आता."

पेंटरने मान वळवली नाही, फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिने शालीचं टोक नाकातोंडावर दाबून धरलं होतं, बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते. तिचा तो 'छान' म्हणायचा आवाज पेंटरच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं पातेल्यापाशी उभा राहून तो ह्याच आवाजात उत्तर देत आला होता.

सिग्नल हिरवा झाला. त्याने दवाखान्याच्या दिशेने गाडी वळवली.