वरच्या पट्टीतले आवाज

तिने यंत्रावर नुसतं बोट हलवलं. आवाज सोडलाच नाही. तरीही काचेपलीकडे बसलेल्या बाबांनी हातातलं बटण दाबलं.

चुकून झालं असेल, असं तिला वाटलं. थोडं थांबून तिने पुन्हा तसंच केलं. पुन्हा बटण. बाबा अगदी आज्ञाधारक चेहरा करून बसले होते आणि त्यांचे डोळे तिच्या हातावर खिळले होते.

ती उठली. आवाजबंद खोलीचं जाड दार उघडून तिने त्यांच्या कानांवरचा हेडफोन बाजूला केला.

"बाबा, भिंतीकडे तोंड करून बसा."

"का? असंच बरंय की. तू दिसतेस."

"म्हणूनच."

त्यांनी उठून स्वतःच खुर्ची फिरवली.

बाबा वीजघरात कामाला होते. धरणाचं पाणी मोठाल्या पाइपांतून खाली येऊन पात्यांवर आदळायचं, पाती गरगरायची आणि त्या गरगरण्याची वीज व्हायची. त्या गरगरण्याच्या शेजारी बाबांचा जन्म गेला. लोखंडी सळईचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून घ्यायचे. लोखंडातली थरथर सरळ हाडात उतरायची. मग ते म्हणायचे, "हिला कणकण आहे." यंत्र उघडलं, की कुठेतरी घासलेलं निघायचंच. त्यामुळे तिथे त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. कानात घालायचे रबरी बोळे सगळ्यांना मिळत, बाबांचे मात्र कायम खिशात असत. "कानात बूच मारून नाडी कशी बघायची?" म्हणायचे.

यंदापासून नवा नियम आला होता. यंत्रांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने इस्पितळात येऊन कान तपासून घ्यायचे. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला यंत्रांजवळ थांबू द्यायचं नाही. इस्पितळात कान तपासायचं काम तिचं, आणि तिच्यासोबतची दुसरी बाई रजेवर होती. सकाळी चहा पिताना बाबा खुशीत म्हणाले होते, "घरचंच माणूस आहे म्हटल्यावर काळजी कसली!"

आता तिच्यासमोर त्यांची पाठ होती. मानेवरचे पांढरे केस, शर्टाची झिजलेली कॉलर. तिने खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज सोडला. बटण दाबलं गेलं. जरा वरचा आवाज. उशिरा का होईना, दाबलं गेलं. मग त्याहून वरचे, बारीक, शिट्टीसारखे. काहीच नाही. तिने आवाज वाढवत नेला. इतका, की तिला स्वतःला तो ऐकवला नसता. बाबा शांत बसले होते. मग ती शांतता त्यांनाच सोसेना, आणि त्यांचा अंगठा उगाच, अंदाजाने, बटण दाबायला लागला.

तिने यंत्र बंद केलं.

बाहेर आल्यावर ते हसत म्हणाले, "काय, पास का नापास?"

तिने कागदावरचा आलेख त्यांच्यापुढे धरला. डावीकडून नीट निघालेली रेघ अर्ध्यावर येऊन कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती.

"कानात आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, बाबा. आवाजाची लाट आली की त्या हलतात, म्हणून आपल्याला ऐकू येतं. गवतावरून रोज जा-ये केली की ते मरतं आणि पायवाट पडते ना, तसं झालंय. वरच्या पट्टीतल्या पेशी सगळ्यात आधी मरतात."

"परत उगवत नाहीत?"

"नाही."

त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. त्यांना वाटलं तेवढा तो खाली आला नाही. "थोडी वर काढ ना ती रेघ. कोणाला कळणार आहे? नोकरीचे थोडेच दिवस राहिलेत माझे. शेवटपर्यंत तिथेच काढू दे."

"तुम्ही यंत्रापाशी उभे आहात आणि कोणी 'सरका' म्हणून ओरडलं तर?"

"मला ओठांवरून कळतं."

"मागून ओरडलं तर? बाबा, तुम्हाला 'स' ऐकूच येत नाही. 'श' नाही, 'फ' नाही. ते सगळे वरच्या पट्टीतले."

बाबांनी कागद घेऊन ती रेघ पुन्हा बघितली. मग त्यांनी कागद तिच्या हातात दिला आणि निघून गेले.

घरी अबोला सुरू झाला. बाबा तिच्याशी बोलेनात. जेवताना तिने भाजी पुढे केली, तर ते आईकडून मागून घेत. आईही धुमसत होती. तिचं धुमसणंसुद्धा जोरात. बाबांशी ओरडून बोलता बोलता तिचा आवाज सगळ्यांशीच चढा झाला होता. "तूच कशाला तपासलंस? परत पाठवायचं होतंस! दुसऱ्या कोणी नापास केलं असतं, तर त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो!" शेजारच्या खिडकीतला रेडिओ कोणीतरी हळूच बारीक केला.

ती उठून हात धुवायला गेली. आपण केलं ते बरोबर केलं, हे तिला माहीत होतं. पण ताट तसंच राहिलं होतं.

बाबांना साहित्याच्या कोठारात पाठवलं. तिथे नटबोल्ट होते, तेलाचे डबे होते आणि शांतता होती.

पुढे एका संध्याकाळी बाबांचा जुना जोडीदार घरी आला. बाबा आंघोळीला गेले होते. दारात चपला काढता काढताच तो तिला म्हणाला, "तुझ्या बाबाने कमाल केली हं. साहेब स्वतः म्हणाले होते, वैद्यबुवा, दुसऱ्या इस्पितळातून तपासून आणा, बघू काही जमतंय का. हा म्हणतो, नको. पोरीने बघितलंय. तिने बघितलं म्हणजे झालं."

त्याला पाणी आणायचं म्हणून ती आत गेली आणि माठापाशी नुसतीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, कानाला यंत्र लावून बघायचं?"

त्यांनी भाजीचं भांडं तिच्या हातून घेतलं. म्हणाले, "बघू."

यंत्र तिनेच बसवलं. इस्पितळातून घरी येईपर्यंत बाबा दर दोन पावलांना थबकत होते. स्वतःच्या चपलांचा आवाज. पिशवीची चुरचुर. कुठल्याशा झाडावरचा एक पक्षी. "हा रोज असतो इथे?" त्यांनी विचारलं.

दार उघडून आई नेहमीसारखी ओरडली, "आलात? काय म्हणतंय यंत्र?"

बाबा एकदम दचकले. हात कानाकडे गेला. "अगं, हळू!"

आई गोंधळली. तिने आवाज खाली आणला, पण तो तिला नीट धरता येईना. मध्येच फाटे, मध्येच चढे. बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"तुझा आवाज असा कधी झाला?"

"कसा?"

"असा... दमलेला."

आईने पदर सारखा केला. "झाला असेल. बसा, चहा टाकते."

"चहा राहू दे. बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

खरंच, काय बोलणार? एवढ्या वर्षांत जे ओरडून सांगता येतं तेवढंच या घरात बोललं गेलं होतं. जेवलात का. दार लावा. औषध घेतलंत का. बाकीचं आईने कधी सांगितलंच नव्हतं. ओरडून सांगावं, तर भिंतीपलीकडे शेजार होता.

आई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग इतक्या हळू म्हणाली, की मुलीला तिचा हा आवाज ओळखूच येईना, "माझं ऑपरेशन झालं होतं ना. त्याच्या आदल्या दिवशी मला फार भीती वाटत होती. तुम्हाला सांगायचं होतं."

बाबा तिच्याकडे आणखी वाकले. "सांग," म्हणाले.

मुलगी उठली. बाहेर जाताना तिने दार अलगद ओढून घेतलं, कडीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही. आतून आईचं बोलणं येत राहिलं. शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण. अधूनमधून बाबांचा हुंकार.

ती पायरीवर बसून राहिली.