नऊ नंबरची धून

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची लाइन आहे. लाइन सोडून कुणी हलायचं नाही. बाथरूमला जायचं तर दोरी ओढायची, मग आपल्या स्टेशनची धून वाजते आणि जागेवर उभी राहायला रिलीव्हर येते. माझी नऊ नंबरची धून सगळ्यांना पाठ झालीय. वाजली की पोरी हसतात, "विजयश्रीताई निघाल्या!"

हसू देत. मला भीती सुपरवायझर कुलदीप सरांची. मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्या हातात. त्यांच्या मते मी कामचुकार. असा संताप येतो! पण दाखवणार काय? सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बीण नॉर्मल, रक्त नॉर्मल. सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाई झालेलं, डोक्यातनं काढ." डोक्यातनं काय काढू? दुखतंय पोट!

शेवटी रावेतच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून मला आडवं केलं, उभं केलं, खोल श्वास घ्यायला लावले. म्हणाल्या, "हृदय, आतडी ज्या नसांवर आपोआप चालतात, त्यांचा तोल बिघडलाय. आजार खराच आहे. पण या नसा आपलं ऐकत नाहीत." एकदाचं कुठल्यातरी रिपोर्टात काहीतरी बिघडलेलं निघालं, मला तर पेढे वाटावेसे वाटले.

डॉक्टरांची चिठ्ठी बघून सरांनी मला तयार वायरिंग तपासायच्या टेबलावर बसवलं. तिथे दोरी नाही, धून नाही. वाटेल तेव्हा उठायचं. आणि गंमत बघा, आठवडाभर मला उठावंच लागलं नाही! मीच चक्रावले. कुणी विचारत नाही, म्हणून? मग आधी दुखायचं ते खोटं होतं का? माझाच माझ्यावर संशय यायला लागला.

शनिवारी सर टेबलाशी आले. "काय ताई, बरं वाटतंय?"

"एकदम बरं, सर," मी खुशीत म्हणाले.

"म्हणजे तेव्हा नाटकच होतं. सोमवारपासून परत नऊ नंबरवर. कायमचं नंतर बघू."

"सर, तसं नाही..." म्हणाले खरी, पण मग कसं, ते मलाच कुठे कळलं होतं? तेवढ्यात माझ्या जागेवरच्या नव्या मुलीने आठवड्यात पहिल्यांदाच दोरी ओढली. नऊ नंबरची धून वाजली, आणि माझ्या पोटात कळ आली.

मी पोट धरून पळाले. मागून सर सगळ्यांना सांगत होते, "बघा, लाइनचं नाव काढलं की लगेच दुखतं!"

खरं तेच तर सांगत होते. माझ्या नसा माझं नाही, लाइनचं ऐकत होत्या.