परक्या मयतातलं चलान

लायब्ररीची फिरती पुस्तकगाडी चालवायला आपली निवड झाली असं कळलं त्या दिवशी विल्डा टॅकेट स्वयंपाकघरात एकटीच नाचली. नाचताना मक्याच्या ब्रेडचं भांडं हातून सुटून सिंकमध्ये आपटलं, तरी ती थांबली नाही. लहानपणी त्यांच्या डोंगराच्या खबदाडात महिन्यातून एकदा ती निळी गाडी कण्हत कुंथत चढून यायची. बाकीची पोरं पुस्तकांवर तुटून पडायची आणि विल्डा ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहून स्टिअरिंगकडे बघत बसायची. तिला वाचायचं वेड बेताचंच होतं. ती गाडी चालवायचं मात्र जबर. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, नवरा जाऊन, गुडघे बोलायला लागल्यावर, ते सुख पायाशी चालून आलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या मुख्य बाईंचा, मिस पर्डींचा, फोन आला.

"विल्डा, तुझं लायसन बंद आहे म्हणे."

"माझं? अहो, मी आत्ताच तर गाडीनं अंडी घेऊन आले!"

"हे मला सांगू नकोस," मिस पर्डी घाईघाईनं म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत ते मोकळं करून आण. नाहीतर बोर्ड किल्ली लेस्टरला देणार."

लेस्टर म्हणजे ज्याला वळणावर मळमळतं तो. त्या डोंगरात वळणाशिवाय दुसरं काही नाही. विल्डाच्या डोळ्यांपुढे सगळी बालवाङ्मयाची फळी ओली झाली.

सरकारचं पत्रही पाठोपाठ आलं. कुठल्याशा जुन्या वाहतूक चलानासाठी 'संबंधित काउंटी कोर्टात' हजर न राहिल्यामुळे लायसन बंद. संबंधित म्हणजे कुठलं, ते पत्र लिहिणाऱ्यानं स्वतःजवळच ठेवलं होतं. फोन लावला तर आधी बँजो वाजला, मग एक बाई म्हणाली की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, मग पुन्हा बँजो. विल्डानं तेवढ्यात कपडे धुऊन वाळत घातले. बँजो चालूच.

"केंटकीत काउंट्या किती आहेत ठाऊक आहे ना?" तिची थोरली बहीण कॉर्डी म्हणाली. "शंभराच्या वर. रोज एक करत गेलीस तर नाताळापर्यंत होईल."

लायसन बंद म्हटल्यावर गाडी कॉर्डीलाच काढावी लागली. सकाळी ती आपला पिकअप घेऊन आली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेले मऊ बिस्किट-पावांतले सॉसेज आणि तोंडात उपदेश.

"आठव नीट. चलान कुठं झालं होतं?"

विल्डा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कॉर्डी, तू रागावणार नसशील तर सांगते."

"म्हणजे रागवायचंच आहे. सांग."

"व्हर्ननमामाच्या मयताच्या दिवशी."

"त्या दिवशी तू आलीच नव्हतीस! पोट बिघडलं म्हणून सांगितलंस!"

"पोट बिघडलंच होतं," विल्डा म्हणाली. "दोन ताटं जेवले होते."

मग ते सगळं बाहेर आलं. बारा वर्षं विल्डानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी नवऱ्यालाही नाही. त्यांच्या गावात मयत सजवणारी दोन दुकानं एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत. त्या दिवशी दोन्हीकडून एकाच वेळी मयत निघालं. विल्डा पेट्रोल भरायला थांबली होती. बाहेर येऊन बघते तो शववाहिनी आणि तिच्यामागं दिवे लावलेल्या गाड्यांची रांग कोपऱ्यावर वळताना दिसली. हिनं लावली शेपटाला आपली गाडी. डोळ्यांना धारा लागलेल्या, समोर फक्त पुढच्याचा बंपर. रस्त्यानं लोक गाड्या बाजूला घेऊन टोप्या काढत होते, तेव्हा तिला वाटलं, बघा, आमच्या मामाला केवढा मान!

"आणि काउंटी कुठली लागली ते बघितलं नाहीस?"

"मयताच्या मागं जाताना कोण पाट्या वाचतं गं? एका गावात लाल दिवा होता. सगळी रांग गेली, मीही गेले. पण रांगेतल्या गाड्यांना दुकानवाले झेंडी लावतात, ती माझ्या गाडीला नव्हती. हवालदारानं मला एकटीलाच धरलं. चलान हातात दिलं, म्हणाला, जे सांगायचं ते कोर्टात सांग. तो कागद न वाचताच कुठं गेला कोण जाणे, मी तशीच सुसाट रांग गाठली."

"आणि?"

"थडग्यापाशी कुणी विचारलं, तुमची ओळख कशी? मी हुंदके देत म्हटलं, ह्यांनीच मला गाडी शिकवली. तेवढ्यात पाद्रीबाबा म्हणाले, आपले लाडके बंधू होबर्ट..."

कॉर्डीनं पिकअप रस्त्याच्या कडेला घेतला. रागावण्यासाठी घेतला होता, पण स्टिअरिंगवर डोकं टेकवून ती हसायलाच लागली. हसता हसता कोपर हॉर्नवर पडलं आणि कुंपणापलीकडच्या गाई पळाल्या.

"मग तशीच का नाही आलीस परत?"

"एका म्हाताऱ्या बाईनं हात धरून ठेवला होता. आणि चर्चमध्ये जेवण मांडलेलं होतं. तळलेली कोंबडी, हॅम, मसाल्याची अंडी. उठून जाणं बरं दिसलं नसतं."

पहिल्या काउंटीच्या कोर्टात खिडकीमागच्या पोरीनं टॅकेट हे नाव घालून बराच वेळ कॉम्प्युटर बडवला. "विल्डा नाही मिळत. कॉर्डी टॅकेट मात्र आहे. आगीच्या बंबासमोर गाडी लावल्याचं चलान."

"ते बघायला नव्हतं सांगितलं," कॉर्डी म्हणाली.

"कधीचं आहे?" विल्डानं फार आनंदानं विचारलं.

ते तिथल्या तिथं भरून टाकावं लागलं. मग पोरीला कीव आली. "त्या लाल दिव्यापाशी काही खूण आठवते का? चर्च, दुकान, काहीही?"

विल्डानं डोळे मिटले. "छपरावर कोंबडी होती. ट्रकएवढी. लाल तुरा."

"मग सोपं आहे!" पोरगी म्हणाली. "ती पायपर काउंटीत. कोंबडीखाद्याचं दुकान आहे, कोर्टाच्या अगदी समोर. हवालदारांना त्या दिव्यापाशी उभं राहायला फार आवडतं, सावली पडते ना कोंबडीची."

पायपर काउंटीत पोचेपर्यंत दुपार झाली. कोंबडी होती तिथंच होती, रंग मात्र उडाला होता. कोर्टात वाहतुकीच्या प्रकरणांचा वार, त्यामुळे आत बाजार भरल्यासारखी गर्दी. क्लार्क ट्वायला ही जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई. ती तळघरात गेली आणि केसांत कोळ्याची जाळी घेऊन वर आली.

"मिळालं! हनी, नशीब तुझं, जज आज बसलेत. मागच्या बाकावर बसा, नाव पुकारतील. चलान लिहिणारा हवालदार आता फ्लोरिडात मासे धरतो, तो काही येत नाही."

जज गलेट लांब चेहऱ्याचे, दमलेले गृहस्थ होते. सकाळपासून त्यांनी सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं होतं, की मी इतक्या वेगात नव्हतोच.

"विल्डा टॅकेट. लाल दिवा ओलांडला, कोर्टात आली नाहीस. बोल."

विल्डा उभी राहिली. "जजसाहेब, मी मयताच्या रांगेत होते."

"रांगेतल्या गाडीला दिवा लागू नाही, बरोबर. पण इथं लिहिलंय की गाडीला झेंडी नव्हती. कुणाचं मयत?"

"होबर्ट नावाच्या गृहस्थांचं."

मागच्या बाकावर कुणाचा तरी श्वास कुकरच्या शिट्टीसारखा सुटला.

"तिथं तुला बघितलेलं कुणी आहे का?"

"मला तिथं कुणीच ओळखत नव्हतं, साहेब."

"मी ओळखते!"

सगळ्यांच्या माना वळल्या. काठीसारखी ताठ, ऐंशीच्या पुढची एक म्हातारी उभी होती. हातात गाडी चालवायचे चामडी मोजे, डोळ्यांत पेटलेली चूल.

"हीच ती! त्या दिवशी हिरवा झगा घातलेली! माझ्या नवऱ्याच्या थडग्यापाशी माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली ती!"

"मिस हेस्टर," जज म्हणाले, "तुमचा नंबर नंतर आहे."

"माझा नंबर बारा वर्षांपूर्वीच लागायला हवा होता!" हेस्टर रिची बाकांमधून पुढे आल्या. "होती, होती ही रांगेत! सगळ्यात शेवटची गाडी. थडग्यापाशी हात कुणी धरला होता हिचा? मी! बिचारी म्हणून! मग चर्चमध्ये जेवली. माझ्या बहिणीचा नारळाचा केकसुद्धा सोडला नाही. आणि काय सांगत होती ठाऊक आहे? होबर्टनं हिला गाडी शिकवली! मला त्या माणसानं चाळीस वर्षं स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही, जजसाहेब! म्हणायचा, हेस्टर, तुझे हात पिठाचे. आणि हिला शिकवली!"

कोर्टात टाचणी पडली असती तर तीही कान देऊन ऐकत राहिली असती.

"म्हणजे ती रांगेत होती," जज म्हणाले. त्यांच्या लांब चेहऱ्यावर प्रथमच थोडा उजेड आला. "ह्याहून पक्की साक्ष मी पाहिली नाही. ठीक आहे तर, प्रकरण रद्द क..."

झालं होतं. निळी गाडी जणू दारात येऊन उभी राहिली होती, किल्लीसकट. कॉर्डीनं मागून विल्डाचा कोट ओढला, म्हणजे, चल आता, गप बस. पण विल्डाचं लक्ष म्हातारीच्या हनुवटीकडे गेलं. ती थरथरत होती. बारा वर्षं थरथरत असावी.

"साहेब, थांबा," विल्डा म्हणाली.

"बस खाली, गाढवे," कॉर्डी कुजबुजली.

"मिस हेस्टर, मी तुमच्या नवऱ्याला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मी चुकून आले. माझ्या मामाचं मयत समोरच्या दुकानातून निघालं होतं. मी तुमच्या रांगेला लागले. गाडी मामानं शिकवली मला. व्हर्ननमामानं. रडलेही त्याच्यासाठीच. केक मात्र... केक कुणासाठी खाल्ला ते मला सांगता येणार नाही."

शेवटच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. जजनी चष्मा काढला, पुसला, कायद्याचं पुस्तक उघडलं आणि ओठ हलवत वाचू लागले. विल्डानं मनातल्या मनात किल्ली लेस्टरच्या हातात ठेवली.

"इथं म्हटलंय, मयताच्या रांगेतलं वाहन," जज अखेर म्हणाले. "मेलेला माणूस ओळखीचा असावा, असं कुठं म्हटलेलं नाही. आणि तशी अट घातली तर ह्या काउंटीत निम्म्या मयतांना खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. लोक कोंबडी खायलाच येतात. रद्द!"

कॉर्डीनं शिट्टी घातली. तिला बाहेर काढायची धमकी मिळाली.

हेस्टर रिची मात्र तिथंच खुर्चीवर टेकल्या होत्या. "म्हणजे होबर्टनं कुणालाच शिकवली नाही?"

"नाही, मिस हेस्टर."

"कुणालाच नाही?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"तरी म्हटलं," म्हातारी पुटपुटली, "त्या माणसाला एवढा दम कुठून आला?" आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ते लांबूनही दिसलं.

"मिस हेस्टर रिची," ट्वायलानं लगेच पुकारलं, "पस्तीस मैलांच्या रस्त्यावर साठाचा वेग. ह्या वर्षी दुसऱ्यांदा."

हेस्टर उठल्या आणि त्यांनी विल्डाकडे बोट केलं. "दोष हिचा आहे, साहेब! हिच्या रागापायी मी एकाहत्तराव्या वर्षी गाडी शिकले. राग पायात असतो, आणि पाय ॲक्सिलरेटरवर असतो!"

जजनी कपाळ टेबलावर टेकवलं. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं मान वर करून त्यांनी म्हातारीला गाडी नीट चालवायच्या शाळेत जायचा हुकूम दिला, आणि डोळे पुसायला आत निघून गेले.

ट्वायलानं विल्डाला शिक्का मारलेला कागद दिला आणि त्याची नक्कल फॅक्सनं सरकारकडे धाडली. विल्डानं तिथूनच मिस पर्डींना फोन लावला.

"मिळालं?"

"मिळालं! किल्ली लेस्टरला देऊ नका!"

"देव पावला," मिस पर्डी म्हणाल्या. "त्यानं काल गाडीत नुसतं बसून बघितलं, तरी मला खिडक्या उघडाव्या लागल्या."

बाहेर पायऱ्यांवर हेस्टर मोजे चढवत उभ्या होत्या. विल्डाकडे न बघता म्हणाल्या, "तुला एक सांगते. त्या दिवशी माझी पोरं रडलीच नाहीत. जमीन कुणाला, ह्याचाच हिशोब चालला होता सगळ्यांच्या डोळ्यांत. तू कुणासाठी का असेना, रडलीस छान."

"मामा तसाच होता हो."

"शिकवायचा कसा?"

"समोर ताकाचा पेला ठेवायचा. वळणावर सांडलं तर पुसायचं मी."

म्हातारीचा चेहरा हळूहळू फुलला. "पुढच्या दुकानात ताक मिळतं. तू बस माझ्या शेजारी. बघूया तुझ्या मामाची विद्या. तुझी बहीण येईल मागून."

"मी नाही हं येणार मागून," कॉर्डी म्हणाली. "ह्या घराण्यात कुणाच्या मागून जायचं नाही असं मी सकाळीच ठरवलंय." पण तिनं पिकअप सुरू केला होता.

काठोकाठ भरलेला पेला हेस्टरनी विल्डाच्या हातात दिला आणि स्वतःशीच "हळू, हळू" म्हणत गाडी हलवली. कोंबडीपाशी लाल दिवा लागला. हेस्टरबाईंनी तो पाळला, अगदी मनापासून, दोन्ही पायांनी ब्रेक दाबून. सगळं ताक विल्डाच्या मांडीवर. आणि विल्डा भिजल्या कपड्यांनी, हात खिडकीबाहेर ताठ उंच धरून, खो खो हसत होती. त्या हातात कोर्टाचा कागद होता, कोरडा ठणठणीत.