खारट पोर

पेडगावच्या कासाबाईच्या भागूला शेळ्या चाटत. सहा वर्षांची ही पोर उन्हातून आली की सगळा कळप तिच्याभोवती जमे आणि कपाळ, गाल, कोपर चाटून काढी. भागू खिदळायची अन् खिदळता खिदळता खोकायची. खोकला जन्मापासूनचा. कासाबाईची आधीची दोन लेकरं अशीच खोकत गेली होती. मुका घेतला की तीही अशीच खारट लागत.

सासू दगडाबाईकडे एकच इलाज होता. जन्मताच गुदमरलेलं करडू उलटं धरून थोपटतात, तशी ती भागूला डोकं खाली करून मांडीवर उपडी घेई आणि हात खोलगट करून पाठीवर थापा देई. चिकट बेडका पडे, पोरीला श्वास मिळे.

उन्हाळ्यात ताप हटेना, तेव्हा कासाबाईने परभणीचा दवाखाना गाठला. डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अंगात नमक ज्यादा झालंय. आजपासून बंद! आणि लेकराला मारणंही बंद. जनावर आहे का ते?"

एवढ्या शिकलेल्या माणसाचं ऐकायलाच हवं. आठ दिवसांत भागू अंगणात कोलमडली. छातीत नुसती घरघर.

"ऐकलीस साहेबाचं? आता माझं ऐक," दगडाबाई कडाडली. "हिच्या अंगातलं मीठ रोज घामातून जायलंय, अन् तू वरून बंद केलीस व्हय!"

मग मिठाची पेज आणि सकाळ-संध्याकाळ थापा. पंधरवड्यात पोर शेळ्यांमागं धावू लागली.

महिन्याने पुन्हा दवाखाना. भागूला उभी राहिलेली पाहून डॉक्टरसाहेब ताठ झाले आणि बाकावरच्या बायांना म्हणाले, "बघा! नमक बंद, मार बंद. पोर कशी तरारली!"

कासाबाईने मान खाली घातली. पुढचा ताप यायचाच होता आणि औषध याच खोलीत मिळायचं होतं.

"शाबास, बेटी!" म्हणत साहेबांनी भागूच्या पाठीवर थाप मारली.

पाठीवर हात पडला की काय करायचं, हे भागूला शिकवलेलं होतं. तिने डोकं खाली घातलं आणि मनापासून खोकून चकाकत्या बुटावर हिरवा बेडका टाकला.

पोरीच्या छातीतली घरघर बाकापर्यंत ऐकू येत होती.

"आजून लय हाय आत," भागू वाकूनच म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी बुटाकडे पाहिलं, कासाबाईकडे पाहिलं. मग चाचरत आणखी एक थाप मारली.

"आसं न्हाई, साहेब," भागू समजावू लागली. "हात खोलगट करा. आजी करती तसा."