काकूंच्या किटलीवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना ट्रिप स्विच आहे. दोन बोटे रुंद, अंगाने पांढरा, आता उन्हाने पिवळट पडलेला. एका जुन्या व्हॅनमध्ये, दाराशेजारच्या छोट्या पेटीत माझा मुक्काम असतो. जगात बहुतेकांना उभे राहण्याबद्दल शाबासकी मिळते. माझे काम मात्र वेळ आली की पडायचे, आणि पडल्याबद्दल बोलणी खायची.

मी काय करतो ते आधी सांगतो. आमची व्हॅन गाड्यांच्या तळावर मुक्कामाला लागली की तिथल्या खांबावरून एक जाड केबल ओढून गाडीत वीज घेतात. ती वीज माझ्या अंगातून आत जाते आणि काम करून माझ्याच अंगातून परत जाते. गेलेली आणि आलेली सारखी असली की मी निवांत. थोडी जरी वाटेत दुसरीकडे पाझरली, गाडीच्या पत्र्यातून किंवा कोणाच्या अंगातून जमिनीकडे निघाली, की मी त्या क्षणी खाली पडतो आणि वीज तोडतो. कुठे पाझरली ते मात्र मला सांगता येत नाही. देवाने मला दांडा दिला, तोंड दिले नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आम्हा शेकडो भावंडांना तिथे मुद्दाम पाडून पाहिले, आणि जो चटकन पडला तोच पास झाला. मग दुकानाच्या फळीवर बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. तिथून मला बसकाकांनी आणले.

बसकाका म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलांनी ठेवलेले नाव त्यांना जन्माचे चिकटले, आणि त्यांच्या पत्नी आपोआप काकू झाल्या. निवृत्तीनंतर काकांनी ही व्हॅन घेतली आणि स्वतःच्या हाताने तिचे फिरते घर केले. पलंग, ओटा, कपाट, वायरिंग, सगळे त्यांचेच. हात चांगला होता. मला बसवले तेव्हा काकूंना पेटी उघडून दाखवत म्हणाले होते की हा आपला राखणदार. तेव्हा माझे फार कौतुक झाले.

काकांना बसमुळे एक सवय लागली होती. बसची घंटा अडकली तर आत कोणीतरी गोळीचा कागद कोंबलेला असायचा. दार लागेना तर फटीत कोणाची तरी पट्टी सापडायची. त्यामुळे काही बिघडले की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोणी हात लावला?" बसमध्ये तो प्रश्न बरोबर होता. व्हॅनमध्ये दोनच माणसे राहत होती, आणि त्यातला एक विचारणारा होता.

पहिली वर्षे सुखात गेली. मग काकूंनी कप ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुर केली. काकांनी एका दुपारी ओट्याच्या वर, खिडकीशेजारी, भिंतीला सपाट लाकडी फळी ठोकली आणि तिच्यात कप टांगायला पितळी आकडे फिरवून बसवले. शेवटचा एक आकडा कमी पडला. काकांनी खिळ्यामोळ्यांच्या डब्यातून दुसरा शोधून काढला. तो जरा लांब होता. घट्ट जात होता, पण काकांनी पक्कड लावून तो पुरा आत घातला. काकू खूश झाल्या. काकांनी मनापासून काम केले होते, हे मी शपथेवर सांगेन.

त्यानंतर मी पडायला लागलो.

काकूंना चहा लागायचा. त्यांनी ओट्यावर विजेची किटली ठेवली, पाणी उकळले, चहा झाला, आणि जरा वेळाने मी पडलो. काकांनी मला वर केले. संध्याकाळी पुन्हा तेच.

"तुझी किटली," काका म्हणाले.

"अहो, उकळताना नाही पडत तो. किटली बंद झाल्यावर पडतो."

"कधी का पडेना, किटली लावली की पडतो ना?"

काकूंचे म्हणणे बरोबर होते. किटलीची वाफ वर फळीला लागायची, लाकूड ओलावायचे, आणि मग कुठूनतरी वीज पाझरायची. पण काकांना किटली दिसत होती, वाफ दिसत नव्हती.

एकदा काकूंनी आंघोळीनंतर ओला टॉवेल त्या शेवटच्या आकड्याला टांगला आणि गुडघे शेकायचा विजेचा पट्टा लावून बसल्या. टॉवेलचे टोक खिडकीच्या पत्र्याला टेकले. मी पडलो. काकांना काकूंच्या हातात पट्टा दिसला. झाले, पट्ट्याचाही निकाल लागला. काकू म्हणाल्या, "गाडी तुमची आणि पापं माझी." काका हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

कधी कधी भांडी घासताना काकूंचा ओला हात त्या आकड्याला लागायचा आणि बोटांना मुंग्या यायच्या. मीही त्याच वेळी खाली यायचो. त्यांनी काकांना दोनदा सांगितले. काका म्हणाले, वय झाले की येतात मुंग्या, वैद्याला दाखव.

मग एका तळावर शेजारच्या गाडीतले मिशीवाले गृहस्थ गप्पा मारायला आले. मी तेवढ्यात पडलो. त्यांनी पेटीत डोकावून पाहिले आणि सांगितले की हे असले नाजूक स्विच डोक्याला ताप असतात. आपल्या गाडीतला त्यांनी कधीच काढून टाकला होता आणि वायरी थेट जोडल्या होत्या. तेव्हापासून कटकट नाही. काकांना ते पटले. मिशीवाले गेल्यावर त्यांनी खांबावरचा प्लग काढला, स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझे वरचे झाकण उघडले. माझा एक स्क्रू ढिला केला. मला माझी काळजी नव्हती. मोडीत गेलो असतो, दुसरे काय. पण त्या ओट्याशी रोज ओला हात घेऊन उभी राहणारी बाई मला दिसत होती.

काकू पलंगावर बसून पाहत होत्या. त्यांना विजेतले काही कळत नव्हते. पण नवऱ्याची चिडचिड त्यांना सहन होईना.

"राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "मी चहा सोडते. पट्टाही नको. मग तर झालं?"

काकांनी थोडा विचार केला आणि स्क्रू पुन्हा घट्ट केला. मी वाचलो.

त्यानंतर काकूंनी किटली मोडीत देऊन टाकली. पट्टा घरी ठेवला. गाडीत बोलणे कमी झाले. पुढच्या प्रवासाची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी पिशवी भरलीच नाही. माझा हात लागला की तुमची गाडी रुसते, तुम्ही एकटे जाऊन या, एवढेच त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर काकांनी समजूत काढली असती.

काका एकटे निघाले. तळावर गाडी लावली, केबल जोडली, मला वर केले. किटली नव्हती, पट्टा नव्हता, काकू नव्हत्या. काकांनी शर्ट धुतला, पिळला आणि त्या शेवटच्या आकड्याला टांगला. ओली बाही खिडकीच्या पत्र्याला लागली.

मी पडलो.

"कोणी हात..." काका सवयीने म्हणाले आणि तिथेच थांबले. गाडीत विचारायला कोणी नव्हते. मी पडल्यावर पहिल्यांदाच त्यांनी मला शिवी दिली नाही.

मग त्यांनी जे कधीच केले नव्हते ते केले. गाडीतल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढले. मला वर केले. मी पुन्हा पडलो. म्हणजे दोष कुठल्याच वस्तूत नव्हता. मग माझ्या शेजारचे छोटे स्विच त्यांनी सगळे खाली केले. आता मी उभा राहिलो. दिव्यांचा स्विच वर केला, मी उभाच. सॉकेटांचा वर केला आणि मी धाडकन पडलो. काकांनी बाहेर जाऊन खांबावरचा प्लग काढला, मगच सॉकेटांच्या वायरीचा माग धरला. वायर ओट्यामागून वर जात होती आणि खिडकीशेजारी फळीच्या मागून पुढे निघत होती. तिथे त्यांचा हात थांबला.

त्यांनी शर्ट काढला. एकेक आकडा उलटा फिरवून बाहेर काढला. सगळे आखूड निघाले. शेवटचा निघता निघेना. निघाला तेव्हा त्याचे टोक काळे पडले होते. फळी उतरवली तर मागे वायरीच्या अंगाला भोक, आणि भोवती करपलेले लाकूड.

काका ओट्याला टेकून खालीच बसले. हातात तो आकडा होता. मला वाटते, त्यांना मिशीवाल्यांचा सल्ला आठवला असावा, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. मग त्यांनी घरी फोन लावला.

"किटली चांगली होती," ते म्हणाले. "पट्टाही. मी बसवलेला आकडा वायरीत घुसला होता."

फोन स्पीकरवर असल्यामुळे मला काकूंचेही सगळे ऐकू येत होते.

"मग माझ्या हाताला मुंग्या यायच्या त्या?"

"त्याच्याच."

"तुम्ही वय म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"आणि मी चहा सोडला नसता, तर त्या दिवशी तुम्ही तो स्विच काढणार होतात."

काकूंनी जेवलात का विचारले आणि फोन ठेवला. त्यांनी ओरडायला हवे होते, असे काकांच्या तोंडाकडे पाहून मला वाटले. ओरडा खाऊन माणूस मोकळा होतो.

काका परत आले. एका वायरमनला बोलावून नवी वायर घातली, मीटर लावून सगळी गाडी तपासून घेतली. फळी दुसरीकडे बसवली. नवी किटली आणून काकूंपुढे ठेवली. काकूंनी खोके उघडले नाही. "आधीची धडधाकट होती हो," एवढेच म्हणाल्या. काकांनी प्रवासाला यायचा आग्रह केला नाही. फक्त त्या दिवसापासून घरात काही बिघडले की ते काकूंना विचारू लागले, तुला काय वाटते, कुठे असेल? आणि उत्तर संपेपर्यंत थांबू लागले. सुरुवातीला काकूंचे उत्तर एका शब्दात संपायचे. पुढे पुढे लांबायला लागले. हे सगळे मला नंतर गाडीतल्या त्यांच्या बोलण्यातून कळले.

बऱ्याच दिवसांनी काकू पुन्हा गाडीत चढल्या. त्यांनी एक अट घातली. माझ्या अंगावर तपासणीचे एक छोटे बटण आहे. ते दाबले की मी पडलो पाहिजे. नाही पडलो तर मी निकामी झालो असे समजायचे. ते बटण त्या स्वतः दाबणार, आणि मी पडलो नाही तर गाडीत कोणी कशाला हात लावायचा नाही. आता प्रत्येक तळावर काकू बटण दाबतात, मी पडतो, त्या मला वर करतात. काका बाहेर केबलजवळ उभे असतात. त्या "हं" म्हणेपर्यंत आत येत नाहीत. त्या "हं" म्हणायला कधी कधी मुद्दाम उशीर करतात. काका तक्रार करत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल. तो वारंवार पडत असेल तर त्याला शिव्या देऊ नका, आणि काढून तर मुळीच टाकू नका. मोठ्या माणसांना सांगून वायरमनला बोलवा. आणि घरातले कोणी म्हणाले की इथे हात लावला की मुंग्या येतात, तर हातातले काम ठेवा आणि आधी ते ऐका.