मगरीच्या पोटातले बूट

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणत म्हाताऱ्या लायसननं गमबूट उलटा करून अंगणात आपटला, "पण हे बूट मगरीच्या पोटातनं निघालेत."

बुटातून एक झुरळ पडलं आणि उरलेल्या विटांच्या ढिगाकडे पळालं.

"हेही मगरीच्याच पोटातलं का?" शेजारच्या एस्नाटनं विचारलं.

"नाही, हे तुझ्या घरचं. तुझ्याकडे उपासमार होते म्हणून इकडं आलंय."

रोडा हसली नाही. घरं बांधून देणाऱ्या संस्थेतर्फे ती शेवटची पाहणी करायला आली होती आणि घराची किल्ली तिच्या खिशात होती. भाजक्या विटांच्या भिंती, वर चकचकीत पत्रा, खाली सिमेंटची जमीन. असं घर या गावात दुसरं नव्हतं. ते बांधलं होतं लायसनच्या बहिणीसाठी, फलेसीसाठी. तिची लेक वारली होती. जावई ग्रेशम परदेशात, जोनी शहराकडच्या सोन्याच्या खाणीत गेला तो परतला नाही, आणि नातवंडं म्हातारीच्या पदरात पडली. संस्थेचा नियम सरळ होता : ज्या घरात कमावता पुरुष नाही, त्यालाच हे घर. आणि नव्या खिडकीत उन्हाला ठेवलेले सापडले ते पुरुषाचे बूट.

बातमी एस्नाटनंच पोचवली होती. तिचंही छप्पर गळत होतं आणि यादीत पुढचं नाव तिचं होतं, त्यामुळे रोडाचा तिच्यावरही विश्वास नव्हता. एकदा रोडानं अशाच एका विधवेला किल्ली दिली होती, हसून फोटोही काढला होता. महिन्याभरात त्या बाईचा भाऊ दोन बायका घेऊन आत राहायला आला आणि विधवा पुन्हा गवताच्या खोपटात गेली. तेव्हापासून जो जास्त बोलतो त्याच्यावर आधी नजर ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं. आणि लायसन तर थांबतच नव्हता.

"फलेसीआजी, तुम्ही सांगा. बूट कुणाचे?"

फलेसी चटईवर पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"ती काय सांगणार? बहिणीच्या घरचं भावानं बोलायचं, ही आपली रीत. का तुमच्या गावातले भाऊ मुके असतात, बाई?"

"मग तुमचे आहेत का? घालून दाखवा."

लायसननं बूट चढवले. त्याची नडगी त्यात उखळातल्या मुसळासारखी हलू लागली.

"म्हातारपणी पाय आटतात," तो म्हणाला.

"आणि जीभ वाढते," एस्नाट म्हणाली. "बाई, मी सांगते, इथं पुरुष आहे. मी त्याला खोकताना ऐकलंय."

"बोकड होता तो."

"तुमचा बोकड खोकल्यावर 'अरे देवा' म्हणतो?"

"आमचा बोकड चर्चला जातो. तुझ्यासारखा नाही."

रोडाचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. आंब्याची सावली दोन पावलांवर होती, तरी म्हाताऱ्यानं आपलं स्टूल जुन्या गवती स्वयंपाकखोलीच्या दारात, टळटळीत उन्हात मांडलं होतं. घाम गळत होता, पण तो जागचा हलत नव्हता. आत काय असेल? सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ती मनातल्या मनात लावू लागली. चोरून ठेवली असणार.

"बूट मगरीच्या पोटात गेले कसे?"

"पायांसकट," लायसन म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. म्हाताऱ्याला तेवढंच हवं होतं.

"आमचा ग्रेशम जोनीहून निघाला. ट्रंक, ब्लँकेटं, गळ्यात नवा रेडिओ. शिरे नदीत होडी उलटली. मगरीनं त्याला गिळलं, रेडिओ चालू असताना! मग काय, बातम्यांची वेळ झाली की मगरीच्या पोटात बातम्या लागायच्या. आवाजावरनंच तर कोळ्यांनी ती शोधली. कापली, तर आत हे बूट."

"आणि रेडिओ?"

"कोळ्यांनी ठेवून घेतला. त्यांचीही मेहनत होती."

"म्हणजे ग्रेशम मेला?" रोडानं थेट विचारलं.

लायसननं टोपी काढली. "मेला, बाई."

"अगं बाई गं!" एस्नाटनं कपाळावर हात मारला. "घरचा जावई मेला आणि गावात रडणं नाही? मयताच्या जेवणाची न्सिमा कुठल्या चुलीवर शिजली? या गावात कोंबडी मेली तरी पातेल्याशी पहिली मी असते!"

"पुरायला काय उरलं होतं? बुटांपुढं ढोल वाजवायचा?"

फलेसीचे हात थांबले होते. रोडानं ते पाहिलं. ती उठून म्हातारीसमोर उकिडवी बसली आणि किल्ली काढून तळहातावर धरली.

"आजी, मगर राहू दे. तुम्ही खोटं बोलत नाही असं तुमचे पास्टर म्हणाले. तुमचा जावई या जगात नाही, एवढं तुमच्या तोंडून ऐकलं की ही किल्ली तुमची. नाहीतर मला ती पुढच्या घरी द्यावी लागेल."

एस्नाट दोन पावलं पुढं आली. तिची नजर किल्लीवर होती.

"हो म्हण," लायसन पुटपुटला. मघाचा तोरा त्याच्या आवाजात राहिला नव्हता. "पोरांसाठी म्हण, फलेसी."

म्हातारीनं किल्लीकडे पाहिलंच नाही. तिनं पदरातली फोलपटं झटकली, भावाच्या खांद्यावरून मागच्या काळोख्या दाराकडे बघितलं, आणि तिचे ओठ हलले.

"मामा."

हाक लायसनच्या पाठीमागून आली होती. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. पण आतल्या माणसाला बाहेर यायचं नव्हतंच. शब्दाशब्दाला त्याला श्वास पुरत नव्हता.

"थापा पुरे, मामा. आईंना खोटं बोलायला लावू नका. मी मेलो नाही... अजून."