सात वर्षं उशिरा

गुंडुराव शिंप्याचं दुकान कन्नड मुलखातल्या लष्कर मोहल्ल्यात. त्यानं शिवलेल्या कोटांची काजं त्याची बायको अनुसूया हातानं करायची, कारण मशीनची काजं त्याला पसंत नव्हती. जुनी गिऱ्हाइकं त्या काजांसाठीच यायची. गेल्या वर्षी अनुसूयेचा तो हात मोडला, आणि मोडला तो गुंडुरावमुळेच.

बन्नूरला पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. जेवणं उरकल्यावर मागच्या शेडमध्ये दोघातिघांबरोबर गुंडुराव प्यायला बसला. निघताना अनुसूया म्हणाली, "बसनं जाऊ या."

"मला काय झालंय?" म्हणून त्यानं स्कूटर काढली.

भर दुपारी, उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना स्कूटर घसरली. त्याला नुसतं खरचटलं. अनुसूयेच्या मनगटाचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं होऊनही बोटं पुरती मिटेनात. सुई सोडाच, तिला स्वतःची वेणीही घालता येईना. त्यांची मुलगी, नव्या, येलवालच्या सासरहून येऊन वेणी घालून जायची. जाताना बापाकडे बघायचीसुद्धा नाही.

त्यानंतरही गुंडुराव दोन महिने पीत होता. एका दुपारी अनुसूया डाव्या हातानं सांबार वाढून घेत होती. भांडं निसटलं, सगळं फरशीवर सांडलं. ती खाली बसून पुसायला लागली. गुंडुराव समोरच खुर्चीत होता, पण उठला नाही. उठताच आलं नाही. नशा उतरल्यावर त्याला अपघातापेक्षा ती फरशीच जास्त आठवत राहिली.

अनुसूयेच्या हाताच्या डॉक्टरांनाच त्यानं मान खाली घालून विचारलं, दारू सोडायची कशी? त्यांनी कागदावर लिहून दिलं: रविवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या शाळेत, वरच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते.

पहिल्या रविवारी तो भलत्याच शाळेत गेला. तिथं मुलं गाणी बसवत होती. दुसऱ्या रविवारी शाळा सापडली, पण वॉचमननं "कोण पाहिजे?" म्हटलं. "कोणी नाही, सुम्ने आलो होतो," म्हणून तो उगाच आल्यासारखा परत फिरला. तिसऱ्या रविवारी जिन्यात चहाची किटली घेऊन चढणारा माणूस त्याला बघून थांबला. संताजीराव!

हे संताजीराव सात वर्षांपूर्वी कोटाचं माप द्यायचं निमित्त करून दुकानात आले होते. हळूच म्हणाले होते, "मीही पीत होतो, गुंडुराव. एका रविवारी माझ्याबरोबर या." तेव्हा गुंडुरावनं चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं हसून "कशाला, भजन करायला?" म्हणत त्यांना वाटेला लावलं होतं.

आता संताजीराव एवढंच म्हणाले, "या. वर पंखा आहे."

खोलीत दहाबाराजण होते. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं. दुकानात, रस्त्यात गुंडुराव कन्नडच बोलायचा, तसाच इथंही बोलायला लागला. पण अपघात सांगता सांगता ट्रॅक्टरपाशी आला आणि कन्नड सुटलं. पुढचं सगळं घरच्या मराठीत आलं. संताजीराव सोडून कोणालाच ते कळत नव्हतं, तरी कोणी त्याला थांबवलं नाही. एका रिक्षावाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

बाहेर आल्यावर गुंडुराव म्हणाला, "तेव्हाच आलो असतो तर तिचा हात..."

"माझी आई वारली तेव्हा मी शुद्धीत नव्हतो," संताजीराव म्हणाले. "ते उगाळत बसलो की पुन्हा बाटलीच दिसते. पुढच्या रविवारी या."

तो जात राहिला. चार महिने थेंब घेतला नाही. अनुसूयेनं कधी काही विचारलं नाही. एका रविवारी तो शर्ट घालत असताना ती अचानक म्हणाली, "संताजीराव येतात का हो तिथं?"

"तुला कसं ठाऊक?"

"तुम्ही दुकानातून घालवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते घरी आले होते. म्हणाले, वहिनी, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. मी म्हटलं, आमच्या घरात तसलं कोणी नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. दार लावून घेतलं."

गुंडुराव शर्टाची बटणं तशीच सोडून खाटेवर बसला.

"नव्यासाठी तेव्हा स्थळं बघत होतो ना आपण, अल्वा? लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात."

हे ऐकून मन हलकं व्हायला हवं होतं. उलट त्याला वाटलं, आपल्या पिण्यानं हिला खोटं बोलायला लावलं. "चूक माझीच," तो म्हणाला.

"तुमचीच. पण दार मी लावलं." तिनं चपला पायात सरकवल्या. "मी येते. त्यांना सांगायचंय."

शाळेच्या व्हरांड्यात संताजीराव भेटले. तिनं सुरुवात करताच ते गडबडले. "अय्यो वहिनी, जुनी गोष्ट. राहू द्या."

"नाही, ऐकून घ्या," अनुसूया म्हणाली आणि उभ्या उभ्या सगळं सांगायला लागली. वरून मीटिंग सुरू झाल्याचा आवाज आला. तिचं बोलणं संपेपर्यंत दोघांपैकी कोणी हललं नाही.